छापखाना, बालबोध आणि मोडीची दप्तरे

प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण राजे, सुभेदार, कलेक्टर आणि कायदे यांची चर्चा करतो. राज्य प्रत्यक्ष चालते ते कागद, शाई आणि लिपी यांच्या आधाराने. पण त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मराठी मुलखात छापखाना आल्यावर वृत्तपत्रे निघाली, शाळा वाढल्या, समाजसुधारणेला वाचा फुटली, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. छापखान्याचा आणखी एक परिणाम मात्र सरकारी दप्तराशी निगडित आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. छापखान्याने मराठी माणसाला वाचायला शिकवले, आणि त्यातून लागलेल्या सवयीमुळेच तो आपल्या गावचे जुने दप्तर वाचेनासा झाला. हे कसे घडले आणि त्यातून आज शासनावर कोणती जबाबदारी येते, ते येथे थोडक्यात मांडत आहे.

दोन लिपी, दोन प्रकारची साक्षरता

पेशवाईच्या अखेरीस मराठीत लिहिण्याच्या दोन परंपरा शेजारीशेजारी नांदत होत्या. पोथ्या, स्तोत्रे, काव्ये आणि संस्कृत ग्रंथ देवनागरीत, म्हणजे बालबोधात, उतरवले जात. पत्रे, सनदा, महजर, वतनाचे निवाडे, जमाखर्च आणि गावचे हिशेब मोडीत लिहिले जात. बालबोध अक्षर सुटे, ठसठशीत आणि सावकाश लिहिण्याचे. मोडी बोरूने भरभर लिहिण्याची. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरांची साखळी जोडत जायची, अशी तिची रीत. दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळत नसत. आणि व्यंजनाला स्वर जोडला की अनेकदा अक्षराचा आकारच बदलत असे.

त्यामुळे पोथी वाचणाऱ्याला दप्तर वाचता येईलच असे नव्हते आणि उत्तम कारकुनाला पोथीत गती असेलच असेही नव्हते. एक विद्या शास्त्रीबुवांची, दुसरी फडणीस-चिटणीस, कुलकर्णी आणि कारकून यांची. दोन्ही विद्या समाजातील मोजक्या घरांपुरत्या मर्यादित होत्या. ज्या कुणब्याच्या जमिनीचा हिशेब कुलकर्णी लिहीत असे, त्याला तो वाचता येत नसे. आणि तो वाचता न येणे हे कुलकर्ण्याच्या सत्तेचे एक मोठे कारण होते. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली म्हणजे छापखान्याने नेमके काय बदलले हे समजते.

पहिले प्रयत्न

युरोपात योहान गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी बायबल छापले ते १४५५ च्या सुमारास. भारतात छपाईयंत्र आले ते १५५६ साली, गोव्यात. अबिसिनियाला जाण्यासाठी निघालेले हे यंत्र गोव्यातच राहिले आणि जेझुइट पाद्र्यांनी सेंट पॉल कॉलेजात त्यावर छपाई सुरू केली. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातील राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, परंतु लिपी रोमन. छपाईच्या साधनानुसार लिपी ठरते, हा अनुभव मराठीला अगदी आरंभीच आला.

यानंतरचा महत्त्वाचा प्रयत्न एतद्देशीयांचा आहे. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापण्याचे काम हाती घेण्यात आले होते. १८०० मध्ये नाना वारले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला आणि पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तेथे गीता छापली गेली, असा वृत्तांत मुद्रणेतिहासाचे अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी दिला आहे. प्रशासनाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्या दरबाराचे दप्तर त्या काळच्या हिंदुस्थानातील मोठ्या दप्तरांपैकी एक होते, त्या दरबारी वर्तुळात छपाईची कल्पना आली ती धर्मग्रंथासाठी. आज्ञापत्रे किंवा नियम छापून रयतेला कळवावेत, असा विचार त्यामागे दिसत नाही. राज्याचा कागद हा राज्याने आणि हक्कदाराने जपून ठेवायचा असतो, तो चावडीवर सर्वांना वाचता यावा असा असू शकतो, ही कल्पनाच अजून रुजलेली नव्हती.

त्याच सुमारास तंजावरला दुसरे सरफोजी राजे यांनी ‘नवविद्याकलानिधि’ हा देवनागरी छापखाना काढला. तेथे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापले गेले. येथे बंगळूरच्या मराठी वाचकांना एक संबंध सांगण्यासारखा आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर सतराव्या शतकात मिळाली आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरला गेले. त्याच राजघराण्याने महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी छपाईचा पाया घातला. मराठी मुद्रणाचा इतिहास असा आरंभापासूनच घराबाहेरचा आहे.

बंगालमधील श्रीरामपूरचे उदाहरण तर आपल्या विषयाशी थेट जुळते. तेथील मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला तेव्हा त्यातील मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे पाडून घेतले. म्हणजे मोडी खिळ्यांत बसवता येतच नाही, असे नव्हते. ती अवघड होती, खर्चिक होती, पण अशक्य नव्हती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मुंबईचे कारागीर

मराठी छपाई खऱ्या अर्थाने स्थिरावली ती मुंबईत. अमेरिकन मिशनने १८१७ पासून तेथे मराठी पुस्तिका छापण्यास आरंभ केला. त्यांच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम या कुशल कारागिराने देवनागरी खिळे पाडले. गणपत कृष्णाजी आणि पुढे जावजी दादाजी हे दोघेही याच छापखान्यात तयार झाले. गणपत कृष्णाजींनी स्वतः खटपट करून छापयंत्र उभे केले, शाई तयार केली आणि १८३१ मध्ये शिळाछपाईने मराठी पंचांग छापले. जावजी दादाजींचा १८६९ मधील ‘निर्णयसागर’ छापखाना तर सुबक देवनागरी आणि शुद्ध संस्कृत ग्रंथांसाठी देशभर नावाजला. यांपैकी कोणीही शास्त्री-पंडितांच्या घरचे नव्हते. ग्रंथविद्येची साधने प्रथमच कारागिरांच्या हाती आली, हा बदल लहान नव्हे.

विरोधही झाला. शाईत जनावराची चरबी असते म्हणून छापील पुस्तक विटाळाचे, असे पुष्कळ सोवळे लोक मानत. त्यावर तोड म्हणून धार्मिक ग्रंथांसाठी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाई. विरोध फार काळ टिकला नाही, कारण सोय मोठी होती. पंचांगाचेच पाहा. पूर्वी तिथी, ग्रहण, मुहूर्त हे गावचा जोशी सांगेल तेव्हा कळे. छापील पंचांग थोड्या पैशांत घरी आल्यावर एकच दिनदर्शिका गावोगावी पोहोचली. एकच मजकूर एकाच वेळी अनेकांसमोर असणे, ही छपाईची खरी शक्ती आहे.

याच शक्तीवर पुढची शंभर वर्षे उभी राहिली. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शिक्षणमंडळीने शालेय पुस्तके छापली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ त्यांपैकीच एक. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. न्यायखात्यात नोकरी करणारे गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहून समाजाची झाडाझडती घेतली. सरकारी नोकराने लेखणी कशी वापरावी याचे ते आजही उत्तम उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले यांचा कवितासंग्रह १८५४ मध्ये, जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये छापली गेली. कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ १८७७ चा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ १९२० चे. ज्यांना पोथी किंवा दप्तर या दोन्हींपैकी कशातच पूर्वी प्रवेश नव्हता, ते छापील बालबोधाच्या मार्गाने सार्वजनिक चर्चेत आले. छापखान्याचे हे ऋण कधीही कमी लेखता येणार नाही.

छापील सरकार

कंपनी सरकारनेही छपाईचा उपयोग ओळखला. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत कायदे छापण्याची आणि त्यांची देशी भाषांत भाषांतरे करण्याची व्यवस्था होती. जाहीरनामे, शाळाखात्याची पुस्तके, जमीनमोजणीचे नियम हे सारे हळूहळू छापून येऊ लागले. नियम छापला गेला की तो अधिकाऱ्याच्या तोंडचा शब्द राहत नाही. रयतही तो दाखवून हक्क सांगू शकते. कायद्याचे राज्य ही संकल्पना आपल्याकडे रुजली तिच्यामागे छापील कागदाचा वाटा मोठा आहे.

अर्थात छपाईवर नजर ठेवण्याची यंत्रणाही त्याच सरकारने उभी केली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक झाले, प्रती सरकारजमा करणे आले आणि दर तिमाहीस पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने तर मुस्कटदाबीच केली. तो पुढे लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. १८६७ चा कायदा मात्र दीर्घायुषी ठरला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नोंदणीची यंत्रणा पाळतीसाठी उभारली गेली खरी, पण तिच्या याद्यांतून मराठी ग्रंथसंपत्तीचे चित्रही आपोआप जमा झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशा नोंदींच्या आधारावर. नीट ठेवलेली नोंद मूळ हेतूपलीकडे उपयोगी पडते, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे.

या छापील सरकारच्या पोटात एक विसंगती होती. सरकार लोकांशी बोलत होते बालबोधात, पण स्वतःच्या नोंदी ठेवत होते मोडीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गावनोंदवह्या उघडल्या की हे डोळ्यांना दिसते. रकान्यांचे मथळे छापील बालबोधात असतात: नाव, जात, तारीख, शेरा. आणि त्यांखालच्या साऱ्या नोंदी तलाठ्याच्या किंवा पाटील-कुलकर्ण्याच्या हातच्या, मोडीत. एकाच पानावर दोन लिपी. शाळेत शिकलेल्या मुलाला मथळा वाचता येई. आपल्या आजोबांच्या नावाची नोंद वाचण्यासाठी मोडी वेगळी शिकावी लागे.

मोडी मागे का पडली

खिळ्यांची अडचण हे एक कारण सर्वच देतात आणि ते खरे आहे. सुट्या अक्षरांच्या देवनागरीलाही जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी ही संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. साखळीसारख्या जोडलेल्या मोडीची अडचण त्याहून मोठी. पण हे कारण अपुरे आहे. उर्दूची नस्तालिक लिपीही अशीच वळणदार आणि खिळ्यांना दाद न देणारी. तरी उर्दू वृत्तपत्रांनी शिळाछपाईचा आश्रय घेतला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कातिबांच्या हातची अक्षरे छापून ती लिपी टिकवली. शिळाछपाई मुंबईतही होती. दगडावर मोडी तितक्याच सहजतेने उमटली असती, आणि मोडी वाचनाची शालेय पुस्तके तशी छापलीही गेली.

मग फरक कोठे पडला? मला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की मराठी छपाईने पोथीचा वारसा उचलला, दप्तराचा नाही. पाद्री, पंडित आणि शाळाखाते या तिघांनाही ग्रंथ हवे होते आणि ग्रंथाची लिपी बालबोध. संस्कृत आणि हिंदीसाठी तेच खिळे चालत, हाही हिशेब होताच. दुसरे कारण प्रशासकीय. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध मुख्य लिपी मानण्याचे ठरवले. टंकलेखन यंत्रांच्या प्रसाराने त्या दिशेला बळ दिले. शाळांतून मोडी पुढेही काही दशके शिकवली जात होती. स्वातंत्र्यानंतर तीही थांबली. यंत्राने कल दाखवला, निर्णय मात्र माणसांनी आणि कार्यालयांनी घेतला.

तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. दोन लिपी शिकण्याचा भार मुलांवरून उतरला. नोंद ठेवणाऱ्याची लिपी आणि वाचणाऱ्याची लिपी एक झाली, हा लोकशाहीच्या दृष्टीने लाभच होता. उणीव राहिली ती वेगळी. नवी नोंद बालबोधात ठेवायची हे ठरले, पण आधीच्या मोडी नोंदी उद्या कोण वाचणार, याची व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. जर्मनीतही जुने हस्ताक्षर १९४१ नंतर शाळांतून गेले आणि तेथील तरुण पिढीला आजोबांची पत्रे परकी झाली. लिपी बदलणाऱ्या प्रत्येक राज्याला हा प्रश्न पडतो.

कागद आहे, वाचक नाही

हा प्रश्न केवळ इतिहाससंशोधकांचा असता तर मी येथे इतके लिहिले नसते. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. तो पुरावा कोठे सापडतो? गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, कोतवाल बुकात, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत, जुन्या हक्कपत्रकांत. यांतील बराच भाग मोडीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणकारांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, हक्क ठरवणारा कागद कपाटात असताना तो वाचणारा माणूस हाताच्या बोटांवर मोजावा लागावा, ही स्थिती कोणत्याही राज्याला भूषणावह नाही.

आणि येथे इतिहासाचे चक्र उलटे फिरलेले दिसते. पूर्वी कुलकर्ण्याचे दप्तर रयतेला वाचता येत नसे. आज ते नातवाला, तलाठ्याला आणि तहसीलदारालाही वाचता येत नाही. जो थोडेफार वाचू शकतो त्याच्या शब्दावर अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो, आणि त्याचे वाचन पडताळून पाहणारा दुसरा जाणकार प्रत्येक वेळी मिळत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हा अनुभव अधिक तीव्रतेने येतो. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, जेथून मी हे लिहीत आहे, माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलाच्या प्रवेशासाठी किंवा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपासाठी गावाकडून मोबाइलवर एखाद्या जुन्या पानाचे छायाचित्र येते. ते मोठे करून पाहिले जाते, पण वाचता येत नाही. याच महादेवपुऱ्यात सदनिका घेताना वकील जमिनीची मागची कागदपत्रे मागतो, कारण हा सारा पट्टा एका पिढीपूर्वी शेतांचा होता. जुन्या नोंदीचे मोल शहराच्या या टोकाला सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे हस्तलिखित उतारे बाजूला सारून संगणकीय उतारे आणले, महाराष्ट्रातही सातबारा संगणकावर आला. एकोणिसाव्या शतकात छापखान्याने जे केले तेच आज संगणक करीत आहे. म्हणूनच मागील बदलाचा हिशेब तपासणे आवश्यक ठरते.

काय करता येईल

पहिली गोष्ट, स्कॅन करणे म्हणजे वाचणे नव्हे. पानांची चित्रे संगणकावर चढवून काम संपत नाही. प्रत्येक मोडी नोंदवहीचे देवनागरी लिप्यंतर, ते करणाऱ्याचे नाव आणि दुसऱ्या जाणकाराची पडताळणी, एवढे तरी मूळ चित्रासोबत असले पाहिजे. दुसरी गोष्ट, महसूल आणि अभिलेख विभागांतील प्रत्येक तालुक्यात निदान एक-दोन कर्मचाऱ्यांना मोडीचे नियमित प्रशिक्षण आणि त्याबद्दल वेतनात काही मान मिळावा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. त्यांना पूर्णवेळ कामाची जोड हवी. तिसरी गोष्ट, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयासारख्या ठिकाणी असलेले मोडी कागद हे दुसऱ्या राज्यातले म्हणून परके मानू नयेत. दोन्ही राज्यांच्या सहकार्याने त्यांचे वाचन व्हावे.

संगणकाची मदत आता मिळू शकते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. खिळ्यांत अवघड ठरलेली लिपी पडद्यावर उमटू लागली. मोडीचे लिप्यंतर संगणकाकडून करून घेण्याचे प्रयोगही होत आहेत. परंतु यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात. ती वाचू शकणारी पिढी वयस्क होत आहे, हे ध्यानात घेतले तर या कामाला किती अवधी उरला आहे ते समजते.

आणि ज्यांच्या घरी जुने रुमाल, खरेदीखते किंवा वह्या आहेत त्यांच्यासाठी एक विनंती. गावाकडचे घर आवरताना, वाचता येत नाही म्हणून हे कागद रद्दीत घालू नका. त्यांची स्पष्ट छायाचित्रे घ्या, कोणत्या गावचे आणि कोणाकडून आले ते सोबत लिहून ठेवा आणि जवळच्या अभिलेखागारात दाखवा. त्यातील एखादी ओळ पुढे कोणाच्या तरी हक्काचा एकमेव पुरावा ठरू शकेल.